निपल शील्ड : उपाय कीं अपाय?

पहिलटकरीण माहेरीं आली आणि तान्हें मूल अंगावर नीट घेईना, म्हणजे घरांत सल्ल्यांस तोटा राहत नाहीं. जळगांव-धुळ्याकडेही हाच अनुभव. कोणी बाटली सुचवितें, तर कोणी औषधांच्या दुकानांतून ‘निपल शील्ड’, म्हणजे स्तनाग्रावर बसवावयाची सिलिकोनची पातळ टोपी, आणून देतें. आमच्या मतें ही वस्तु कुबडीसारखी आहे : गरज असेल तोंवर घ्यावी, पण पाय कोणा जाणत्यास दाखविल्यावांचून घेऊं नये.

युरोपांत पूर्वीं अशा टोप्या शिशाच्याही करीत व त्यांपासून मुलांस विषबाधा होई. सिलिकोनमध्यें तो दोष नाहीं; परंतु दुसरा, सहज न दिसणारा धोका आहे. मूल नुसतें टोंकच चोखीत राहिलें तर स्तन पुरता रिकामा होत नाहीं, आणि तो रिकामा न झाल्यास पुढील दूधही कमी होत जातें. मूल पितांना दिसतें, पण उपाशी राहतें.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत टोपीची घाई करूं नये. त्या वेळचा चीक दाट व थोडा असल्यानें टोपींतच अडकतो. पुष्कळदां मूल धरण्याची रीत सुधारली कीं काम भागतें. मुलाचें पोट आईच्या पोटास लागावें, हनुवटी स्तनास टेकावी, आणि अग्राभोंवतालच्या काळसर वर्तुळाचाही बराच भाग तोंडांत जावा. अग्र आंत ओढलेलें असल्यास तें साध्या सिरिंजनें बाहेर काढण्याची युक्ति दावणगेरे येथील डॉक्टरांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केली. मात्र ती परिचारिकेकडूनच शिकावी.

मूल अपुऱ्या दिवसांचें असेल किंवा अग्र फार चपटें असेल, तर डॉक्टर टोपी सुचवितात. ती अग्राच्या मापाची असावी. हात धुवून, टोपीची कड कोमट पाण्यानें ओली करावी व टोपी अर्धी उलटून मधोमध बसवावी. मुलानें टोंकाबरोबर पसरट भागही तोंडांत घेतला पाहिजे. पाजून झाल्यावर टोपींत दूध दिसावें व स्तन मऊ लागावा. स्तन जड राहिल्यास उरलेलें दूध हातानें काढून वाटी-चमच्यानें पाजावें. टोपी प्रत्येक वेळीं साबणानें धुवावी, दिवसांतून एकदां उकळावी, आणि फाटल्यास टाकून द्यावी.

खरी परीक्षा लंगोटांची व तराजूची. पांचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान ६ लंगोट ओले झाले पाहिजेत आणि दर आठवड्यास वजन वाढलें पाहिजे. वैशाखांत खानदेशचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तरी पहिले सहा महिने मुलास वरचें पाणी नको; आईच्या दुधांतील पाणी पुरतें. लंगोट कोरडे राहूं लागले, किंवा आईस ताप येऊन स्तन लाल व दुखरा झाला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. धुळें व जळगांव या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. खेड्यांत आशाताईस विचारावें.

मूल जोमानें पिऊं लागलें कीं, पान्हा सुटल्यावर मध्येंच टोपी काढून पाहावी. मूल भुकेनें रडत असतां नव्हे, तर अर्धवट झोपेंत असतां हा प्रयत्न बहुधा साधतो. एके दिवशीं साधलें नाहीं म्हणून बाळंतिणीस बोल लावूं नये. घरांतील वडील स्त्रियांनीं तिला दूध कमी असल्याचें वारंवार ऐकविण्यापेक्षां ओले लंगोट मोजून ठेवावे. तिला खरी मदत तीच होय.