उंदरांची किडनी सुधारली, मग माझी कधी?

‘नव्या औषधाने मधुमेहामुळे बिघडलेली किडनी सुधारली’ अशी बातमी मोबाईलवर येते आणि कुर्ल्यातल्या आमच्या दवाखान्यात विचारणा होते, ‘डॉक्टर, हे औषध कुठे मिळेल?’ अशा वेळी आधी पाहा, प्रयोग माणसांवर झाला की प्राण्यांवर?

प्राण्यांवर प्रयोग कसा होतो?

अनेकदा उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात. त्यामुळे स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात, साखर वाढते आणि पुढे लघवीतून प्रोटीन जाऊ लागते. मग औषध देऊन फरक तपासतात. पण उंदराचा मधुमेह काही आठवड्यांचा असतो. तुमचा दहा-पंधरा वर्षांचा, सोबत रक्तदाब आणि कधी हृदयविकारही.

काही औषधे माणसांपर्यंत पोहोचतात

१९८६ मध्ये रक्तदाबाच्या एनालाप्रिल या औषधाने मधुमेही उंदरांच्या किडनीचे रक्षण होते असे दिसले. त्याच गटातील कॅप्टोप्रिल नंतर टाइप १ मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवर तपासले गेले. १९९३ मध्ये निष्कर्ष आला: किडनी बिघडण्याचा वेग कमी होतो.

काही मध्येच थांबतात

बार्डोक्सोलोन हे औषध सुरुवातीला आशादायक वाटले होते. पण २१८५ रुग्णांवरची मोठी चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढले. हा धोका माणसांवरच्या मोठ्या चाचणीतच स्पष्ट झाला.

आज तुम्ही काय करू शकता?

• वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासा. पाय सुजेपर्यंत थांबू नका. सुरुवातीला किडनीचा आजार काहीच त्रास देत नाही.
• साखर आणि रक्तदाब दोन्ही आटोक्यात ठेवा.
• डॅपाग्लिफ्लोझिनसारखे औषध आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. २०२० मध्ये ४३०४ किडनी रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. आता ते भारतात अनेक कंपन्यांचे मिळते.
• अंगदुखीच्या गोळ्या, भस्मे आणि ‘किडनी साफ करणारी’ चूर्णे मनाने घेऊ नका.
• खासगी तपासणी परवडत नसेल तर पालिकेच्या भाभा किंवा शीव रुग्णालयात चौकशी करा.

बातमी वाचून चालू गोळ्या बंद करू नका. ती डॉक्टरांना दाखवा आणि सोबत तुमचे जुने रिपोर्टही घेऊन या.