नव्या लॅपटॉपची वाट आणि जुने फोटो

"नवा लॅपटॉप आला म्हणजे एकदा निवांत बसून सगळे फोटो नीट लावणार आहे," हे वाक्य आजकाल पुष्कळ घरांत ऐकू येते. शाळांची गोष्टही निराळी नाही. स्नेहसंमेलने, सहली, वृक्षारोपण, निरोपसमारंभ, अशा पंधरा-वीस वर्षांच्या फोटोंपैकी काही कार्यालयातल्या जुन्या संगणकात, काही दोन-तीन पेनड्राइव्हांत, तर काही चार गुरुजींच्या मोबाइलमध्ये विखुरलेले असतात. नवे यंत्र मंजूर होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असे जणू ठरूनच गेलेले असते. या वाट पाहण्यात यंत्राचा भाग किती आणि आपला किती, याचा आज थोडा हिशेब करू.

फोटोंचा एवढा ढीग पूर्वी होतच नसे. कॅमेऱ्यातल्या रोलवर छत्तीस फोटो निघत. रोलला पैसे पडत, धुण्याला पडत आणि प्रती काढण्यालाही पडत. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करी. निवड आधीच होऊन जाई. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला त्याला तेवीस सेकंद लागत. आता तेवढ्या वेळात लग्नातला एखादा भाचा पंधरा फोटो काढून मोकळा होतो. खर्च गेला आणि खर्चाबरोबर निवडही गेली. ती निवड आता मागाहून करावी लागते, आणि आपण पुढे ढकलतो ते काम हेच.

आता आकडे पाहू. एका कुटुंबाकडे तीस हजार फोटो आहेत असे धरा. मोबाइलच्या एका फोटोला सरासरी तीन मेगाबाइट जागा धरली, तर सगळे मिळून नव्वद गिगाबाइट होतात. जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीतून सेकंदाला तीसएक मेगाबाइट सहज जातात. म्हणजे तीन हजार सेकंद, पन्नास मिनिटे. फाइली लहान आणि असंख्य असल्यामुळे प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून दोन तास धरा. हे झाले यंत्राचे काम. आता माणसाचे काम पहा. प्रत्येक फोटोकडे नुसते तीन सेकंद पाहून 'ठेवावा की काढावा' एवढेच ठरवायचे म्हटले, तरी नव्वद हजार सेकंद होतात. म्हणजे पंचवीस तास. रोज अर्धा तास बसले तर पन्नास दिवस. नव्या लॅपटॉपमुळे त्या दोन तासांचा अर्धा तास होईल; पंचवीस तासांचे मात्र पंचवीसच राहतील.

वेगवान यंत्राचा उपयोग नाही, असा याचा अर्थ नाही. चित्रफिती जोडायच्या असतील, मोठ्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलींवर प्रक्रिया करायची असेल, किंवा हजारो फोटोंतले सारखे चेहरे शोधायचे असतील, तर जुने यंत्र दमते हे खरे. पण फोल्डर करणे, नाव देणे, एका जागेवरून दुसरीकडे उतरवणे, नको ते पुसणे, ही कामे दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही करते. यंत्र अगदीच रखडत असेल, तर आत फिरणाऱ्या चकतीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घ्यावी. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत हा बदल तालुक्याच्या गावचा दुरुस्तीवाला करून देतो. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, म्हणून अनेकांनी आपली यंत्रे बाद ठरवली. बँकेचे व्यवहार तसल्या यंत्रावर करू नयेत, हे बरोबरच आहे. पण इंटरनेट तोडून ते नुसते फोटो निवडायला ठेवले, तर काय बिघडले? माझ्या मते जुन्या यंत्राला याहून चांगले निवृत्तिवेतन नाही.

वाट पाहण्यातला खरा धोका वेगळाच आहे. या मधल्या काळात फोटो बहुधा एकाच ठिकाणी असतात. हार्ड डिस्कमधली चकती मिनिटाला काही हजार फेरे घेते आणि तिच्यावरून वाचणारी सुई केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. चालू असताना डिस्क टेबलावरून पडली, की ती सुई चकतीला घासते. पेनड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात साठते, आणि वर्षानुवर्षे न लावता कपाटात ठेवला तर हे भार हळूहळू झिरपून जाऊ शकतात. मोबाइल तर विहिरीत पडतो, बसमध्ये राहतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा घरांतले कागद आणि यंत्रे दोन्ही भिजली. एकाच घरात दोन प्रती ठेवून भागत नाही, ते यासाठी.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने याबाबत एक सोपा नियम रूढ केला: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या जागी असावी. आपल्याकडे याचा व्यवहारी अर्थ असा, की एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक पुण्याच्या किंवा नागपुरातल्या बहिणीच्या कपाटात. शाळेची असेल तर केंद्रशाळेत. तिसरी प्रत इंटरनेटवर ठेवली तरी चालते, पण तेथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गूगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली असून, पत्रे आणि फायली धरून पंधरा गिगाबाइटच मोफत मिळतात. आपले नव्वद त्यात मावणार नाहीत. दुसरे असे, की मोबाइल आणि ही सेवा एकमेकांना बांधलेली असल्यामुळे तिच्यातून फोटो पुसला की तो दोन्हीकडून जातो. कचरापेटीत तो साठ दिवस राहतो, पण तेवढ्यात कोणाच्या लक्षात आले तर!

तेव्हा पहिले काम म्हणजे काहीही न निवडता, न पुसता, सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. मग सावकाश निवडायला बसावे.

मांडणीसाठी फार अक्कल लढवू नये. शिक्षकमंडळींना शाळेचे जनरल रजिस्टर ठाऊक आहे. विद्यार्थी आला की त्याला पुढचा क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक पुन्हा कोणाला दिला जात नाही. फोटोंचेही तसेच करावे. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग: '२०१४-०१-२६ ध्वजवंदन'. आकडे याच क्रमाने लिहिले, की संगणक ते आपोआप काळाच्या ओळीने लावतो. दिवस आधी लिहिला, तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येऊन गोंधळ होतो.

यंत्र तारखा ओळखते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. कॅमेरा फोटोबरोबर घेतल्याची वेळ फाइलीत लिहून ठेवतो हे खरे. पण कॅमेऱ्याचे घड्याळच चुकलेले असले, तर सबंध सहल भलत्याच वर्षात जाऊन बसते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ही मूळ नोंद राहत नाही. त्याच्या नावात दिसते ती देवाणघेवाणीची तारीख, फोटो काढल्याची नव्हे. बऱ्याच कॅमेऱ्यांचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे दोन निराळ्या फोटोंना एकच नाव येते. उतरवताना 'जुने बदलून टाकू का' या प्रश्नाला घाईने 'हो' म्हटले, की पहिला फोटो गेला. आणि आजोबांच्या ट्रंकेतला १९७२ च्या दुष्काळातला, रस्त्याच्या कामावर खडी फोडतानाचा फोटो आज मोबाइलने टिपला, तर यंत्र त्यावर आजची तारीख घालील. दुष्काळ कोणता, हे त्याला कोण सांगणार?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा येथेच येतो. यंत्र एकच चेहरा शंभर फोटोंतून वेचून काढते, पण तो चेहरा कोणाचा, हे माणसालाच सांगावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि आसपासची अनेक गावे नव्या जागी वसली. त्या भागातल्या कोणाकडे जुन्या गावच्या वेशीचा, पाराचा, वाड्याचा फोटो असेल, तर ती वेस कोणती आणि पारावर बसलेले कोण, हे सांगू शकणारी माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढची आहेत. धरणाखाली गेलेल्या गावांचेही तेच. लॅपटॉप पुढच्या वर्षी अधिक चांगला मिळेल. सांगणारे माणूस पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही.

म्हणून वर्गवारी मागे राहिली तरी चालेल, पण नावे आधी लिहून घ्यावीत. जुने छापील फोटो अल्बममधून ओढून काढू नयेत, चिकटलेले फाटतात. अल्बम सावलीच्या उजेडात, दाराजवळ ठेवून, फ्लॅश न लावता, मोबाइल फोटोच्या पातळीला समांतर धरून टिपावा. फोटोच्या पाठीवर काही लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला आणि न दाबता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. एरवी साधी वही बरी: क्रमांक, अंदाजे वर्ष, ठिकाण, डावीकडून उजवीकडे नावे, आणि ही माहिती कोणी दिली त्यांचे नाव. शेवटचा रकाना सोडू नये, कारण दोन काकू एकाच माणसाची दोन नावे सांगतात, आणि तेव्हा कोणी काय सांगितले हे लागते.

सातवी-आठवीची मुले हे काम हौसेने करतात. मात्र म्हाताऱ्या माणसाला एका बैठकीत वीसपेक्षा जास्त फोटो दाखवू नयेत. पडदा मोठा असेल तर बरे. जुन्या लॅपटॉपचा तेवढा तरी उपयोग होतो. ते बोलू लागले की मधेच थांबवून शुद्धलेखन विचारू नये, मोबाइलवर आवाज मुद्रित करून घ्यावा आणि ती फाइल फोटोच्याच फोल्डरमध्ये, त्याच क्रमांकाने ठेवावी. दहा मिनिटांच्या बोलण्याला पाच-दहा मेगाबाइट जागा पुरते, म्हणजे दोन-तीन फोटोंची.