रक्तातलं विकर, बिस्किटातलं विकर

न्यूयॉर्कचे जॉन किड लिम्फोमा हा कर्करोग झालेल्या उंदरांवर प्रयोग करत होते. सशाच्या प्रतिपिंडांना जोड म्हणून ते गिनीपिगच्या रक्तातला सीरम देत. तुलनेसाठी काही उंदरांना नुसता सीरमच टोचला होता, आणि गाठी त्यांच्याही विरघळल्या! घोड्याच्या किंवा सशाच्या सीरमने असं काही होईना. किड यांनी हे १९५३ साली प्रसिद्ध केलं. गिनीपिगच्या रक्तात वेगळं काय आहे, ते ब्रूम यांनी १९६१ मध्ये सांगितलं : ॲस्परॅजिनेज नावाचं विकर.

हे विकर ॲस्परॅजिन या अमिनो आम्लाचं विघटन करून ॲस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया तयार करतं. निरोगी पेशी आपल्यापुरतं ॲस्परॅजिन स्वतः बनवतात. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही. त्या रक्तातल्या साठ्यावर जगतात. विकर त्यांची ही रसदच तोडतं.

पण गिनीपिगच्या रक्तातून किती रोग्यांना औषध पुरणार? १९६४ मध्ये डेलावेअर विद्यापीठात मॅशबर्न आणि रिस्टन यांनी दाखवलं, की ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं ॲस्परॅजिनेजही गाठींवर चालतं. औषधाचा खरा जन्म मी इथे मानतो, कारण जिवाणू टाकीत हवा तेवढा वाढवता येतो. पुढचं काम मात्र चिकाटीचं. विकर असतं पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेत. ते सोडवायचं, इतर प्रथिनांपासून वेगळं करायचं आणि जिवाणूच्या बाह्य पटलातलं एंडोटॉक्सिन काढून टाकायचं. ते उरलं तर इंजेक्शननंतर रोग्याला ताप भरतो. मात्रा मोजतात युनिटमध्ये. मिनिटाला एक मायक्रोमोल अमोनिया सोडणारं विकर म्हणजे एक युनिट. इथे वजनाला नव्हे, कामाला किंमत आहे.

परळच्या टाटा रुग्णालयापासून जगभर हे औषध मुलांच्या ल्युकेमियात वापरतात. तरी शरीराला ते परकंच. कुणाला ॲलर्जी होते, तर कुणाच्या रक्तात गाजावाजा न होता प्रतिपिंडं तयार होऊन औषध निकामी होतं. अशा वेळी अर्विनिया या, वनस्पती कुजवणाऱ्या जिवाणूचं ॲस्परॅजिनेज मदतीला येतं. त्याची घडण वेगळी असल्याने ई. कोलायविरुद्धची प्रतिपिंडं त्याला सहसा ओळखत नाहीत.

अन्नात हे विकर आलं ते एका बोगद्याच्या वाटेने. १९९७ साली स्वीडनमधल्या हालांडसोस इथे रेल्वेच्या बोगद्यातली गळती बुजवायला ॲक्रिलामाइड असलेलं रसायन वापरलं. ते ओढ्यात उतरलं, मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्यांचंही तपासलं, तर त्यांच्याही रक्तात ॲक्रिलामाइडच्या खुणा निघाल्या. पुन्हा एकदा तुलनेसाठी घेतलेल्या गटानेच खरी बातमी दिली. माग काढत मार्गारेटा टॉर्नक्विस्ट आणि सहकारी अन्नापर्यंत पोचले, आणि २००२ मध्ये स्वीडनने ते जाहीर केलं. बटाट्यात आणि गव्हात ॲस्परॅजिन मोकळं असतं. सुमारे १२० अंशांच्या वर ते साखरेशी संयोग पावतं. ज्या क्रियेने खमंग तांबूस रंग येतो, तिच्यातच ॲक्रिलामाइडही बनतं. प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो.

मग भाजण्याआधीच ॲस्परॅजिन कमी केलं तर? त्यासाठी ॲस्परजिलस बुरशी कामाला लावली. तिची एक जात जपानमध्ये साके आणि सोया सॉससाठी शतकानुशतकं वापरात आहे. तिचं विकर द्रवात गोळा होतं. बुरशी गाळायची आणि द्रव आटवून दाट करायचा. इंजेक्शनइतकी शुद्धता इथे लागत नाही. ते बिस्किटाच्या पिठात मिसळतात, पीठ मुरेपर्यंत ते काम करतं आणि भट्टीच्या उष्णतेने निष्क्रिय होतं. चव आणि रंग जवळपास तसेच राहतात.

वेफरच्या कापांत मात्र विकर आतवर शिरत नाही. काप गरम पाण्यातून काढून विकराच्या द्रावणात भिजवले, तरी मुख्यतः पृष्ठभागालगतचंच ॲस्परॅजिन जातं. त्यामुळे तिथे बटाट्याची जात, तळणीची उष्णता आणि साठवण यांवर भर द्यावा लागतो. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, आणि तळल्यावर त्याचा वेफर जास्त काळपट होतो.