परांचीचे पाय

चिपळुणात सखल भागात घर बांधायचं तर पहिला प्रश्न हल्ली खोल्या किती हा नसतो, घर किती उंच घ्यायचं हा असतो. २६ जुलै २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते लोक वर्षानुवर्षं हात उंचावून दाखवत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांनी ते हात तोकडे पाडले. जलसंपदा खात्याच्या नकाशात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. या रेषांवरून गावात मोठे वाद झाले. ज्यांना परवडलं त्यांनी वादात न पडता घरच खांबांवर चढवलं. खाली गाडी आणि झोपाळा, संसार वर.

ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेचं असं घर आहे. ते पहिल्या पुरानंतर लगेच बांधलेलं, खाली दहा फुटांचे खांब. दुसऱ्या पुरात वरचा संसार कोरडा राहिला, पण खालचे खांब आणि स्लॅबची खालची बाजू पाण्यात आणि मग चिखलात राहिली. आता त्या स्लॅबचे पोपडे सुटू लागलेत, काही ठिकाणी गंजलेल्या सळ्या दिसतात. मे महिन्यात दुरुस्ती आणि बाहेरून रंग असं दोन्ही काढलं. मी गेलो होतो ते रंग बघायला नव्हे, परांची बघायला.

साध्या घराची परांची भिंतीच्या भरवशावर उभी राहते. बांबूची असेल तर आडव्या बांबूचं एक टोक भिंतीतल्या भोकात, लोखंडी असेल तर ठरावीक अंतरावर भिंतीशी पकड. खांबांवरच्या घराला खालचे दहा फूट भिंतच नाही. ज्या उंचीवर परांची सगळ्यात जास्त भार घेते, तिथेच धरायला काही नाही, नुसती हवा. शिवाय अशा घराला एक जास्तीचा चेहरा असतो: खालून दिसणारा. जमिनीवरच्या घराला पोट नसतं, याला असतं, आणि त्याचीही देखभाल करावी लागते.

मुकादम विजापूरकडचे. त्यांच्या हाताखालची पोरं त्यांना मामा म्हणतात. बाई त्यांना मुकादम म्हणतात, ते बाईंना बाई. सामान उतरल्यावर पोरं पाईप उभे करायच्या घाईत होती. मामा मात्र घराकडे न बघता घराभोवतालची जमीन पायाने दाबत फिरत होते. पुढे कोबा होता, तो टणक. डाव्या बाजूला पुरानंतर उपसून टाकलेल्या गाळाची भर, वरून सुकलेली, आत कोण जाणे. मागे जमीन पऱ्याकडे उतरत गेलेली. एकाच घराखाली तीन प्रकारच्या जमिनी आणि त्यांच्यावर एकाच पातळीत उभं करायचं मचाण.

सामान कपलॉकचं. उभ्या पाईपवर दर अर्ध्या मीटरवर एक वाटी कायमची जोडलेली असते. आडव्या पाईपचं पातं तिच्यात बसतं, वरची सरकती वाटी खाली येते आणि हातोड्याचा एक ठोका खाऊन फिरून आवळते. एका सांध्यात चार बाजूंचे चार पाईप बसू शकतात. ना दोरी, ना नटबोल्ट. पाईपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जगभर बहुतेक ठिकाणी हाच, त्यामुळे एकाची पकड दुसऱ्याच्या पाईपला लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये डॅनियल पामर-जोन्स या माणसाने दोराऐवजी धातूची पकड आणली आणि १९१३ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी बाजूच्या कामात ती वापरली गेली, तिथून ही सगळी वंशावळ सुरू होते.

पण मला राहून राहून बांबूची आठवण येत होती. कोकणात माणगा नावाचा जवळजवळ भरीव बांबू होतो. तो आणि काथ्या एवढ्यावर परांची बांधणारे गडी अजून आहेत. त्यांच्या परांचीची उंची कुठेही बदलता येते. आडवा बांबू चार बोटं वर हवा तर गाठ सोडायची, चार बोटं वर बांधायची. लोखंडी परांची वजन जास्त पेलते, वर्षानुवर्षं टिकते, हे सगळं खरं. पण तिची उंची अर्ध्या अर्ध्या मीटरच्या पायऱ्यांत बांधलेली. मधलं काही हवं असेल तर तिच्याकडे एकच जागा उरते: पाय. त्या पायाला बेस जॅक म्हणतात. खाली चौकोनी पत्रा, त्यावर आटे पाडलेला दांडा, दांड्यावर दोन कानांचा नट. दांडा पाईपच्या पोटात जातो आणि पाईप नटावर टेकतो. नट फिरवला की वरचं सगळं मचाण केसभर उचललं जातं किंवा उतरतं. ‘उंची कमीजास्त करता येणारी परांची’ असं जाहिरातीत वाचलं की डोळ्यांसमोर वर वर जाणारं काहीतरी येतं. प्रत्यक्षात ती सोय घोट्याच्या खाली असते, आणि वितीच्या हिशेबात.

मामांनी सुरुवात पुढच्या कोब्यावरून, म्हणजे सगळ्यात उंच जमिनीवरून केली. उतारावर हाच क्रम. उंच जागेचा जॅक जवळजवळ पूर्ण खाली ठेवायचा आणि उतरत जाईल तसे पुढचे जॅक वर काढत जायचं. उलट केलं तर वरच्या टोकाला पोचेपर्यंत नट खाली न्यायला जागाच उरत नाही. मागे पऱ्याच्या बाजूला जमीन हातभर खाली होती, तेवढं जॅकला झेपणारं नव्हतं. तिथे उभा पाईप एक कप, म्हणजे एक वाटी, खाली सुरू केला. अर्धा मीटर तिथेच भरला, उरलेलं जॅकने. दांडा निम्म्यापेक्षा जास्त बाहेर काढायचा नाही हा मामांचा नियम. एका पोराने लांब काढलेला जॅक त्यांनी लाथेने हलवून दाखवला. वरचा पाईप लटपटला. “याच्यावर तू चढणार का?” एवढंच विचारलं. पोराने मुकाट्याने पत्र्याखाली आणखी एक फळी सरकवली.

गाळाच्या भरीवर फळ्यांशिवाय काही चालत नाही. वीतभर पत्र्यावर अख्ख्या पायाचा भार आला की तो पत्रा गाळात रुतत जातो. म्हणून दोन-दोन पायांखालून एकेक जाड, लांब फळी घातली, तीही भर आधी धुम्मसने ठोकून. दगड किंवा विटांचे तुकडे पायाखाली घालायची सवय सगळीकडे आहे. इथे एका पोराने वीट आणलीच. वीट दाबात फुटते आणि फुटते तेव्हा सांगून फुटत नाही, असं म्हणून मामांनी ती गेटच्या बाहेर टाकली.

मग पातळी. लेझर लेव्हल आणलेली होती, पण उन्हात तिची रेघ दिसेना, म्हणून पिशवीतून पाणीनळी निघाली. पारदर्शक नळीत पाणी भरून आधी त्यातले बुडबुडे काढायचे, नाहीतर ती खोटं बोलते. एक टोक पुढच्या खांबाशी, दुसरं मागच्या पायाशी, आणि दोन माणसांमध्ये “थांब, थांब, उतरव, बास” असा संवाद. आडव्या पाईपांची पहिली रांग पातळीत येईपर्यंत वर एकही पाईप चढवला नाही. याचं कारण मला नंतर दिसलं. एक पाय वर-खाली असला की आडव्या पाईपचं पातं वाटीत नीट बसत नाही, वरची वाटी अर्धवट फिरून अडकते आणि बाहेरून मात्र आवळल्यासारखी दिसते. खालच्या दोन बोटांची चूक वर गेल्यावर पूर्ण पाईपच्या झुकण्यात दिसते. शेवटी ओळंबा सोडून उभे पाईप पाहिले, मगच तिरपे लागले.

भिंत नाही तर धरायचं कशाला? खांबांना. चार छोटे पाईप घेऊन खांबाभोवती चौकट आवळायची आणि ती परांचीला क्लॅम्पने जोडायची. खांब फोडावा लागत नाही, भोक पाडावं लागत नाही. बाईंना ते पटलं नव्हतं. नव्या रंगाला ओरखडे जातील म्हणून त्या वरून सारख्या डोकावत होत्या. “बाई, रंग मी परत देतो. परांची पडली तर काय परत देऊ?” असं मामा खालूनच म्हणाले.

बाहेरच्या भिंतीचं काम सरळ होतं. खरी कसरत घराच्या पोटाशी. तिथे कोब्यावर चाकांची बुटकी घोडी लावली, तिलाही चाकांच्या वर जॅक. दुरुस्ती करणारा गवंडी वर तोंड करून काम करतो. आधी स्लॅबवर हातोडीने ठोकत जातो. जिथे आवाज बद्द येतो तिथे काँक्रीट सळईपासून सुटलेलं असतं. गंजलेली सळई फुगते आणि स्वतःभोवतीचं काँक्रीट ढकलून पाडते. ते छिन्नीने काढायचं, सळई तारेच्या ब्रशने घासायची, तिला रसायन लावायचं आणि पॉलिमर घातलेला माल थापायचा. सगळं डोक्याच्या वर, चेहऱ्यावर धूळ घेत.

इथे उंचीचा अर्थ बदलतो. चाल, म्हणजे उभं राहायचा पत्रा, एका कपावर ठेवली तर गवंड्याचा हात जेमतेम पुरतो आणि खांदा तासाभरात भरून येतो. वरच्या कपावर ठेवली तर मान वाकडी करून, गुडघ्यांत वाकून उभं राहावं लागतं. हवी ती उंची दोन्हींच्या मधे. मामांनी गवंड्याला चालीवर उभं करून हातात थापी दिली, कोपर किती वाकतं ते पाहिलं आणि खालून नट फिरवायला लावले. चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने. “आता?” “अजून दोन आटे.” शिंप्याने माप घ्यावं तसं ते चाललं होतं. अशा कामात सुरक्षेच्या चर्चेत पडणं, घसरणं येतं. खांदा कुणी मोजत नाही. मला वाटतं थकलेला हातच आधी चुकतो, आणि तो थकतो चालीची उंची चुकीची असल्यामुळे.

दुसरा गवंडी चांगलाच बुटका. त्याने चालीवर दोन ब्लॉक ठेवून त्यावर उभं राहायची तयारी केली. मामांनी ते ब्लॉक खाली काढायला लावले आणि त्याला वेगळ्या घोडीवर, वेगळ्या उंचीवर लावलं. बाईंचे मेहुणे तिथेच होते. एवढ्याशा उंचीवरून पडून काय होणार, असं ते म्हणाले. चार फुटांवरून पाठीमागे, हात वर असताना, कोब्यावर पडलेला माणूस त्यांनी पाहिला नसावा.

चाकांच्या घोडीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: वर माणूस असताना ढकलायची नाही, ब्रेक लावल्याशिवाय चढायचं नाही. मामा जेवायला गेले तेव्हा दोघांपैकी एक गवंडी वरूनच बीमला हात लावून स्वतःला घोडीसकट पुढे ओढत होता. मी बघतोय हे पाहून हसला. खाली उतरायचं, ब्रेक सोडायचा, ढकलायचं, ब्रेक लावायचा, चढायचं. हे दर दोन हातांवर करायचं तर दिवसाचं काम अर्धं होतं आणि मजुरी कामावर असते. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांचा कायदा झाला, १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या, कठडा आणि पायाशी उभी पट्टी हवी असंही त्यात होतं. इथे कठडा होता, पट्टी नव्हती. कामावरच्या दोघांची कामगार कल्याण मंडळात नोंदणी होती. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळवणं हेच मोठं काम असतं असं त्यांचं म्हणणं, आणि मंडळाकडून मिळालेल्या सुरक्षा पेटीतलं हेल्मेट घरी खुंटीवर.

एका रात्री वळीव कोसळला. सकाळी परांची होती तशी दिसत होती. मामांच्या जागी मी असतो तर चढलो असतो. मामा एकेका पायाशी बसून नुसत्या हाताने नट फिरवून बघत होते. भार असलेला नट हाताने हलत नाही, त्याला हातोडी लागते. जो नट बोटांनी सहज फिरतो, तो पाय हवेत आहे: खालची माती गेली, आणि त्याच्या वाट्याचं वजन शेजारचे पाय घेत आहेत. गाळाच्या बाजूचे दोन असे निघाले. बाहेरून पाहता फळीवर पत्रा टेकलेलाच होता. नट टेकेपर्यंत फिरवायचा आणि वर थोडासाच. जास्त फिरवला तर तोच पाय सगळा भार उचलायला लागतो आणि शेजारचे मोकळे पडतात. मग पुन्हा पाणीनळी. काम तासभर उशिरा सुरू झालं. सामानाचं भाडं दिवसावर असल्यामुळे बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत.

उतरवताना क्रम उलटा. वरची चाल आधी, आणि खांबाची चौकट तिच्या वरचं सगळं उतरल्याशिवाय सोडायची नाही. पाईप वरून फेकायचे नाहीत, हातोहात द्यायचे. टेंपोत भरायच्या आधी एक पोरगा जळकं ऑईल आणि तारेचा ब्रश घेऊन जॅकचे आटे साफ करत बसला होता. सिमेंटचा एक थेंब आट्यात वाळला की पुढच्या घरी तो नट फिरत नाही. एक जॅक तसाच निघाला, माल सांडून पूर्ण जाम झालेला. गोडाऊनवाला त्याचे पैसे कापणार हे मामांना ठाऊक होतं.

“हे बिलात लावतो, बाई.”

“का? माल तुमच्या गवंड्याने सांडला.”

“घर तुमचं ना.”

बाईंनी पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. अर्ध्यावर तोडगा निघाला, तोही जॅक जुना होता हे मामांकडून कबूल करून घेतल्यावर. त्या जाम जॅकवर मामांनी डिझेल ओतलं, बरणीत घालून ठेवला आणि टेंपो खेर्डीच्या पुढच्या कामाकडे निघाला.