लेखणीला रोजचा तास हवा

पीएच.डी.ची पदवी मिळाली की संशोधक तयार झाला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते. पदवी मिळेपर्यंत मार्गदर्शकाचा तगादा असतो, प्रबंध सादर करण्याची मुदत असते. पदवीनंतर हे दोन्ही धाक संपतात आणि पुष्कळांचे लिहिणेही तेथेच थांबते. प्रबंधाची जाड प्रत कपाटात जाते. तिच्यातून सहज निघू शकले असते असे चार लेख कधीच लिहिले जात नाहीत.

चंदगडसारख्या तालुक्यात ही अडचण अधिक तीव्रतेने जाणवते. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि दक्षिण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात उच्च शिक्षणाची वाट रुंदावली. तथापि विद्यापीठाचे बॅ. खर्डेकर ग्रंथालय चंदगडपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. बेळगाव जवळचे, पण ते दुसऱ्या राज्यात. त्यातच महाविद्यालयातील तरुण अध्यापक पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. जितके तास तितके मानधन. अध्ययन रजेचा प्रश्नच उद्भवत नाही. अध्यापन, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून उरेल तो वेळ त्याचा. म्हणून तो लेखन सुट्टीवर ढकलतो. दिवाळीची सुट्टी येते ती भाताची सुगी घेऊन; उन्हाळ्याची येते ती काजूचा हंगाम आणि लग्नकार्ये घेऊन. सुट्टी संपते, कागद कोराच राहतो.

मोठ्या सुट्टीची ही प्रतीक्षा अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीची आहे. मोठी रक्कम हाती आल्यावर बचत सुरू करू, असे म्हणणाऱ्याची बचत बहुधा होत नाही. दरमहा थोडे बाजूला टाकणाऱ्याची होते. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवोदित प्राध्यापकांच्या लेखनसवयींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्याचाही निष्कर्ष हाच होता: सलग मोकळ्या वेळाची वाट पाहणाऱ्यांपेक्षा रोज ठरावीक, अल्प वेळ लिहिणारे अधिक लिहून पुरे करतात. सुचले की लिहू, असे म्हणणाऱ्यांना सुचतही कमी. लिहायला बसणाऱ्यांना मात्र सुचत जाते.

अनुकूल परिस्थिती आल्यावरच विद्वत्ता फुलते, हा समजही इतिहासाला धरून नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतले. त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या जहाजातून येत होता ते महायुद्धात बुडाले. बडोद्याची नोकरी अस्पृश्यतेच्या अपमानामुळे सोडावी लागली. अशा अस्थिर काळात, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील त्यांचा निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त श्रमिकांना उद्योगात काम मिळाल्याखेरीज जमिनीचा प्रश्न सुटणार नाही, ही त्यातील मांडणी आजही चंदगडच्या शेतकऱ्याला लागू पडते. तेवढी प्रतिभा प्रत्येकाजवळ नसेल. परंतु परिस्थिती सुधारेपर्यंत लेखणी खाली ठेवायची नाही, हा धडा सर्वांना घेता येतो.

आणि विषयांसाठी दूर जाण्याचे कारणच काय? येथील काजू प्रक्रिया उद्योगात बायकांच्या श्रमाला काय मोल मिळते? रताळ्याचा भाव बेळगावच्या बाजारात कसा ठरतो? हलकर्णीचा दौलत साखर कारखाना सहकारातून उभा राहिला, काही वर्षे बंद राहिला आणि पुढे भाडेपट्ट्याने पुन्हा सुरू झाला. त्या बंद वर्षांत ऊस उत्पादकांनी काय केले? या प्रश्नांची सामग्री कोणत्याही महानगरीय ग्रंथालयात मिळणार नाही. ती येथेच आहे, आणि येथे राहणाराच ती गोळा करू शकतो. ग्रंथालयापासूनचे अंतर ही चंदगडच्या अध्यापकाची उणीव खरी. पण विषयाशी असलेली जवळीक हे त्याचे भांडवल आहे.

दोष केवळ व्यक्तीचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांकन पद्धती आणली आणि लेखांचे वजन संख्येने होऊ लागले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. या उलथापालथीत, आज छापलेला लेख उद्या ग्राह्य धरला जाईल काय, ही धास्ती मात्र तरुण अध्यापकाच्या मनात कायम राहिली. गुणांसाठी लिहिलेला लेख गुण मिळताच निरुपयोगी होतो. प्रश्नाच्या ओढीने लिहिलेला लेख याद्या बदलल्या तरी टिकतो.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. महाविद्यालयांनी वेळापत्रकात तरुण अध्यापकाला लेखनाचा एक तास निश्चित करून द्यावा, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्या तासाचेही मानधन द्यावे. परिसरातील चार-पाच अध्यापकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून परस्परांचे कच्चे मसुदे वाचावेत. लेख प्रथम मराठीत लिहावा; विचार स्पष्ट झाल्यावर इंग्रजी अवघड राहत नाही. शिकवणाऱ्याने लिहिणे सोडले की तो जुन्या टिपणांवर वर्षे काढतो, आणि त्याची किंमत अखेर वर्गातील विद्यार्थी मोजतो. म्हणून हा तास अध्यापकावरील उपकार नव्हे. तो विद्यार्थ्यांचा हक्क आहे.