शिफारशीचा धंदा

बाजार समितीतला अडत्या माल पिकवत नाही आणि खातही नाही. शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये तो उभा असतो आणि सौदा झाला की आपली अडत घेऊन मोकळा होतो. 'अफिलिएट' या भारदस्त नावाने इंटरनेटवर जो व्यवसाय चालतो, त्याचे मूळ रूप हेच. आपले संकेतस्थळ काढायचे, मिक्सर, बूट, पुस्तके असे काहीबाही कसे निवडावे ते लिहायचे आणि खाली दुकानाचा दुवा द्यायचा. वाचकाने त्या दुव्यावरून जाऊन खरेदी केली, की दुकान आपल्याला कमिशन देते. अॅमेझॉनने ही योजना १९९६ साली, नुसती पुस्तके विकत असतानाच सुरू केली. ती आजही चालू आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या चिरंजीवाला याच धंद्यासाठी नोकरी सोडायची आहे. "एकदा लिहून ठेवलं की झोपेतही पैसे येतात म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?" गुरुजींनी मला विचारले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. समजा, ३,००० रुपयांचा मिक्सर आणि ४ टक्के कमिशन. म्हणजे एका मिक्सरमागे १२० रुपये. महिना ३०,००० रुपये हवे असतील, तर २५० मिक्सर खपले पाहिजेत. दुव्यावर टिचकी मारणाऱ्या शंभरांतले तिघे खरेदी करतात असे धरले, तर सुमारे ८,३०० टिचक्या हव्यात. आणि दहा वाचकांतला एकच टिचकी मारतो असे मानले, तर ८३,००० वाचक. दर महिन्याला! गुरुजी गणिताचेच शिक्षक. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

झोपेतल्या कमाईबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आयुर्विम्याच्या एजंटाला पॉलिसी चालू असेपर्यंत दर वर्षीच्या हप्त्यावर थोडेफार कमिशन मिळत राहते. इथे तसे नाही. अॅमेझॉनच्या योजनेत, दुव्यावरून गेलेल्या गिऱ्हाइकाने साधारण २४ तासांच्या आत वस्तू टोपलीत टाकली, तरच ती तुमच्या खात्यावर. शिवाय कमिशनचा दर दुकानदार ठरवणार. एप्रिल २०२० मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचे कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणि किराण्यावरचे ५ वरून १ टक्क्यावर आणले. सूचना दिली ती जेमतेम आठवडाभराची. ज्यांचा सगळा संसार त्या एका कमिशनवर चालला होता, त्यांनी दाद कोणाकडे मागायची?

दुकान दुसऱ्याचे, आणि दुकानाकडे येणारा रस्ताही तिसऱ्याचाच. वाचक येतो तो बहुधा गूगलवर शोध घेऊन. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल करून उथळ, इकडून तिकडून जमवलेल्या मजकुराची संकेतस्थळे मागे ढकलली. सप्टेंबर २०२३ च्या बदलात कित्येक छोटी संकेतस्थळे दिसेनाशी झाली आणि त्यांत मनापासून लिहिणारेही होते. ऑगस्ट २०२४ पासून तर आपल्याकडेही कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर गूगल वरच देऊ लागले. उत्तर तिथेच मिळाल्यावर खाली कोण उतरणार?

मग हा धंदा टिकवला कोणी? मला मार्टिन लुईस यांचे उदाहरण फार बोलके वाटते. या ब्रिटिश पत्रकाराने २००३ साली अवघ्या १०० पौंडांत संकेतस्थळ उभे केले, 'मनीसेव्हिंगएक्स्पर्ट' नावाचे. विषय एकच : सामान्य माणसाचे पैसे कसे वाचतील. तिथला नियम असा, की सर्वांत चांगली बँक किंवा कार्ड कोणते हे लिहिणाऱ्यांनी आधी ठरवायचे. त्यातून कमिशन मिळते का, हे नंतर बघायचे. मिळत नसेल तरी शिफारस तीच राहणार. ज्या दुव्यातून पैसे मिळतात त्याच्यापुढे तारांकित खूण. दर आठवड्याला लाखो लोकांच्या घरी त्यांचे ई-पत्र थेट जात असे, त्यामुळे शोधयंत्राची लहर फिरली तरी वाचक हातचा जात नव्हता. २०१२ मध्ये हे संकेतस्थळ ८.७ कोटी पौंडांपर्यंतच्या किमतीला विकले गेले.

अमेरिकेतले 'वायरकटर' २०११ चे. ब्रायन लॅम यांचे. शंभर वस्तूंची जंत्री न देता, कसून तपासून 'ही घ्या' असे एकच नाव सांगायचे, ही त्यांची रीत. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१६ मध्ये ते सुमारे ३ कोटी डॉलरना घेतले, आणि २०२१ मध्ये वाचकांकडून वर्गणीही घ्यायला सुरुवात केली. म्हणजे त्यांनाही एका कमिशनवर विसंबणे शहाणपणाचे वाटले नाही.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारशीमागे आर्थिक हितसंबंध असेल तर तो ठळकपणे आणि समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे. पुष्कळ जण अजून तो मुंगीच्या अक्षरात, पानाच्या तळाशी लपवतात. (वाचक एवढा दूधखुळा असतो असे यांना का वाटते, कोण जाणे!) उलट, 'यातून मला इतके मिळतात' असे सांगणाऱ्या माणसाचा शब्द मी तरी जास्त मानीन.

गुरुजींच्या चिरंजीवाने निवडलेला विषय स्वयंपाकघरातल्या उपकरणांचा आहे. कारखान्याच्या पत्रकातले वॉट आणि फेरे पुन्हा लिहून त्याचा निभाव लागणार नाही. ते काम यंत्र फुकट करते. पण चटणीचे भांडे सहा महिन्यांत गळू लागते का, इडलीचे पीठ वाटताना मोटार तापते का, लातूरला किंवा सावंतवाडीला दुरुस्तीवाला आणि सुटा भाग मिळतो का, हे वापरल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी मिक्सर पदरच्या पैशाने आणावे लागतील आणि वर्ष वर्ष वापरावे लागतील. आईची मदत होईल म्हणा. एवढे करून पहिल्या वर्षी हाती फारसे काही लागेल असे मला वाटत नाही. म्हणून दोन वर्षे तरी नोकरी सोडू नये, रात्रीचे दोन तास आणि रविवार याला द्यावा, आणि वर्षभराचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय राजीनाम्याचे नाव काढू नये, असे मी त्याला सांगितले आहे.