गॅलरीतला तापमापक आणि वाया गेलेला मे

ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागतं. रस्त्यावर ट्रक, मेट्रोचे खांब, आजूबाजूला पत्र्याची गोदामं. इथे फ्लॅट घेतला की माणूस आधी गॅलरी काचेने बंद करून घेतो, धुळीपायी. मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्हीही केली. सरकत्या खिडक्या, वर फिक्स काच. आईला झाडं ठेवायची होती, मला थिसिस लिहायला टेबल हवं होतं. एप्रिल संपेपर्यंत अर्धी झाडं करपली आणि टेबल परत आत आलं.

माझं पीएचडीचं काम इमारतींमधल्या उष्णतेवरच आहे. घरात कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

म्हटलं, आता नीट मोजू या. भिंतीवर डिजिटल तापमापक टांगला आणि मेचे चार आठवडे दर तासाला नोंदी घेतल्या. दुपारी आकडा पन्नाशी ओलांडायचा. छान आलेख काढून गाइडना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "सेन्सरवर ऊन पडत होतं का?"

पडत होतं. उन्हातला तापमापक हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. त्याचं काळं प्लास्टिक ऊन पितं आणि आकडा वर जातो. म्हणून तर वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतात. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात (हे स्टीव्हन्सन म्हणजे 'ट्रेझर आयलंड'च्या लेखकाचे वडील). हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं! तोवर पाऊस आला. म्हणजे पुढचा मे येईपर्यंत थांबा. तुमचं काम ऋतूवर अवलंबून असेल तर मुख्य नोंदी घेण्याआधी दोन दिवसांची चाचणी घ्या आणि ती कोणाला तरी दाखवा. मी दाखवली असती तर वर्ष वाचलं असतं.

थांबलेल्या वर्षात वाचन झालं, त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. काचेची खोली का तापते? पाठ्यपुस्तक सांगतं, ऊन काचेतून आत येतं, आतून निघणाऱ्या उष्णतेच्या लांब लहरी काच अडवते. १९०९ मध्ये आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हे तपासलं. काळ्या पुठ्ठ्याचे दोन डबे घेतले, एकावर काच, दुसऱ्यावर सैंधवाची पारदर्शक पट्टी. सैंधव, म्हणजे आपलं उपासाचंच, या लांब लहरी जाऊ देतं. आधी सैंधवाचा डबा किंचित जास्तच तापला, कारण उन्हातल्या अवरक्त किरणांचा काही भाग काच स्वतःच शोषत होती. वुडने मग दोन्ही डब्यांवर येणारं ऊन आधी एका काचेतून गाळून घेतलं. आता दोन्ही ५५ अंशांच्या आसपास गेले, फरक जेमतेम एक अंश. म्हणजे खोली तापते ती मुख्यतः गरम हवा कोंडल्यामुळे. (या प्रयोगाच्या जोरावर हवामानबदल खोटा ठरवणारे लोक भेटतील. वातावरणाला झाकण नाही, तिथलं गणित वेगळं आहे.)

आमच्या गॅलरीत नेमकी वरची काच फिक्स होती. गरम हवा वर जाते, आणि वरच वाट नाही! तळेगावकडचे गुलाबाचे पॉलीहाऊस बघा, छताशी हवा जायला जागा ठेवलेली असते. जुन्या कोकणी घराची पडवी तर सावली देते आणि वारा मोकळा सोडते. तुम्ही गॅलरी बंद करणार असाल तर खाली एक आणि अगदी वर एक उघडणारी झडप मागून घ्या. महागडी काच नंतर.

दिशाही आधी बघा. कशेळी साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन आत येतं. २१ जूनला तो जवळजवळ डोक्यावर, थोडा उत्तरेलाच कललेला असतो. तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅबच सावली देतो. पूर्वेचं सकाळचं ऊन झाडांना सोसतं. पश्चिमेला मात्र दुपारनंतर सूर्य खाली उतरतो आणि स्लॅबखालून सरळ आत घुसतो. आमची गॅलरी पश्चिमेची. अशा ठिकाणी बांबूची चिक किंवा शेडनेट काचेच्या बाहेर लावा. आतला पडदा तापतो तोवर ऊन घरात आलेलं असतं.

यंदा गॅलरीचे मधे प्लायवूड लावून दोन भाग केले आहेत. एकाची वरची काच काढून तिथे झडप बसवली, दुसरा होता तसाच. झडप सोमवारी बंद, मंगळवारी उघडी असं करून चालत नाही, कारण दोन दिवसांचं ऊनवारं सारखं नसतं. दोन्ही भाग एकाच वेळी मोजायचे. तापमापक तीन, तिसरा बाहेर सावलीत, आणि तिन्हींना पांढऱ्या पुठ्ठ्याचं हवेशीर घर. सुरुवातीला तिन्ही एका जागी ठेवून रात्रभर पाहिले, तर एक जण सतत अर्धा अंश जास्त दाखवत होता. ती वजावट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

आता पाऊस यायच्या आत झडप दुसऱ्या भागाला लावून पुन्हा तेवढ्याच नोंदी घ्यायच्या आहेत, कारण एका भागावर शेजारच्या बिल्डिंगची सावली लवकर येते. आईने दोन्हीकडे एकेक मनीप्लांट ठेवलाय. टेबल अजून आतच आहे.